मानाचा डहाळा सायकलवर

माझी सून आरती सायकलवर मंचरला कामाला जाती, आन् ते सांगताना माझी मान ताठ ऱ्हाती. कुणाला हसायचं आसंल त्यानं खुशाल हसावं, पन माझ्या दारात न्हाई. दारात हसला तर मी खराटा घेऊन उठते, हे वाडीत सगळ्यांना ठावं हाये.

आमची वाडी कळंबपासनं आत. एसटी आली तर आली. आरती मंचरला एका दवाखान्यात नर्स हाये, सकाळी सातला हजर व्हावं लागतं. माझा लेक आदेश पहाटंच टोमॅटोचा टेम्पो घेऊन नारायणगावला जातो, तो काय तिला सोडनार? म्हणून तिनं माहेरची सायकल आनली. पयल्या दिवशी मला म्हणली, "आत्या, लोकं नावं ठेवतील."

मी म्हटलं, "ठिवू दे. लोकं काय तुला पगार देत्यात व्हय?"

हायवेला ती लागत न्हाई, कालव्याच्या कडंनं जाती. ड्रेसवर पांढरा कोट, कॅरेजला डबा, काय रुबाब सांगू! मंचरच्या पेठेत मोटारसायकलवाले एकमेकांत अडकून हारन वाजवत बसत्यात, आन् आमची बाई कडंनं निघून जाती. तिचं बघून वाडीतल्या बायकांना चेव आला. कुणाला शिवणक्लासला जायचं, कुणाला बँकेत, कुणाला पोरांच्या शाळंत. दर वेळी नवऱ्याच्या मागं लागायचं, आन् तो टपरीवरनं हलायचा न्हाई. आरतीनं त्यांना बैलगाडे पळवायच्या घाटात शिकवलं. शर्यतीचा घाट सरळ, माती मऊ, पडलं तरी लई लागत न्हाई, आन् यात्रा सोडली तर वरीसभर रिकामा. चाळिशीच्या बायका तिथं पडायच्या, उठायच्या, खिदळायच्या. मी बांधावर बसून वरडायची, "अगं, चाकाकडं काय बघती, म्होरं बघ!" मला सोताला सायकल येत न्हाई, पन सांगायला काय जातंय?

मग मोहिनी पडली. माझा चुलत दीर रखमाजी, त्याची ही सून. वाडीच्या रस्त्यावर साडीचा काठ चेनीत गेला आन् हाताचं हाड मोडलं. रखमाजी म्हंजे यात्रा कमिटीचा म्होरक्या. देवळापुढं बसून त्यानं सगळ्या भावकीला सुनावलं, "आजपासनं बायकांच्या सायकली बंद. उद्या आनखी कोन पडली तर जबाबदार कोन?"

मोटारसायकलीवरनं वाडीतले किती गडी पडले! त्यांचं कुनी काय बंद केलं? मी हे तिथंच तोंडावर बोलले. पन बायकांच्या सायकली गोठ्यात गेल्या त्या गेल्याच. आन् माझा लेक! भावकीत वाकडं नको म्हणून बायकोला म्हणतो, "यात्रेपर्यंत मी काकांना थोपवतो, तवर जा, मग काम सोड."

आरती भाकरी थापत व्हती, डोळ्यातलं पाणी मनगटानं पुसत व्हती. हे काम तिनं किती हौसेनं धरलंय ते मी रोज बघते. दवाखान्यातनं आली की कुनाला बाळ झालं, कुनाचा ताप उतरला, सगळं मला सांगती. ही पोर आता रखमाजीच्या शब्दापायी घरी बसनार? माझा नुसता संताप झाला.

आता आमच्याकडची रीत ऐका. यात्रेच्या सकाळी भैरवनाथाच्या मांडवाला आंब्याचे डहाळे वाजतगाजत न्यायचे. बैलगाड्या, ट्रॅक्टर सजवून एकामागं एक निघत्यात. सगळ्यात म्होरं मानाचा डहाळा, आन् तो मान भावकीत दरसाल एकेका घराकडं फिरतो. मानाच्या गाडीला कुनी अडवायचं न्हाई. ती देवळाशी पोचली की कमिटीच्या म्होरक्यानं तिच्या चाकाला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. ते झाल्याबिगर मागच्या एकाबी गाडीतला डहाळा उतरत न्हाई. औंदा मान आमच्या घरचा व्हता.

आदेशनं ट्रॅक्टर सांगून ठिवलावता. त्या सकाळी मी म्हटलं, "ट्रॅक्टर माघारी धाड. डहाळा सायकलवर जाईल."

"आई, डोकं फिरलं का तुझं?"

"ट्रॅक्टरच पायजे आसं नाथानं सांगितलंय का? तुझ्या बापाच्या मागं ह्या घराचा मान मी संभाळते. कशावर न्यायचा ते मी ठरवनार."

आरतीचं तोंड उतरलं. "आत्या, त्यांनी नारळच फोडला न्हाई तर? सगळ्या गावापुढं..."

"तर नाक माझं कापलं जाईल, तुझं न्हाई. नऊवारी काढ आन् काष्टा घाल चापून, चेनीची भानगड नको."

हँडलला झेंडूचे हार घातले, मागं डहाळा आवळून बांधला. म्होरं हलगी-ताशा, मग आमची सायकल, मागं बैलगाड्या आन् ट्रॅक्टर. वाजंत्री चालनार मुंगीच्या पावलानं, आन् तेवढ्या सावकाश सायकल चालवायची म्हंजे खायचं काम न्हाई. पोरीनं पाय टेकला न्हाई बघा! पोरं आधी हसली, मग त्यांनीच शिट्ट्या मारल्या. दारादारातनं बायका बघत व्हत्या. मी शेजारनं मान ताठ ठिवून चालले व्हते.

देवळाशी रखमाजी नारळ घेऊन उभा. सायकल बघून लालबुंद झाला.

"साळूवयनी, ही काय थट्टा लावली?"

"थट्टा न्हाई भावजी, मान हाये. फोडा नारळ."

त्यानं हात हलवला न्हाई. हलगी थांबली. मागं ट्रॅक्टर धडधडत व्हते, बैलं मान हलवत व्हती, सगळी यात्रा एका नारळापायी खोळंबली. आरती तशीच हँडल धरून उभी. तेवढ्यात माझा आदेश पुढं आला आन् बायकोशेजारी हँडलला हात लावून उभा राहिला. मनात म्हटलं, आला बाबा एकदाचा ताळ्यावर.

आन् मग बायकांतनं मोहिनी पुढं झाली. हात आजून गळ्यात बांधलेला. भर मांडवात सासऱ्याला म्हणली, "मामा, काठ माझा आडकला, हात माझा मोडला. तो बरा झाला की मला पुन्हा सायकलवर बसायचंय. फोडा नारळ."

रखमाजीनं तिच्या गळ्यात बांधलेल्या हाताकडं बघितलं. मग खाली वाकला. सायकलीच्या चाकाला हळद लावली, कुंकू लावलं आन् एका दनक्यात नारळ फोडला. "नाथसायबाच्या नावानं चांगभलं!" सगळी वाडी वरडली. मी रडले, सगळ्यांदेखत रडले. रडू नको तर काय करू? माझ्या सुनेच्या सायकलीची पूजा गावानं केली व्हती.

दुसऱ्या दिवशी आरती नेहमीसारखी कामाला गेली. गोठ्यातल्या सायकलीबी निघाल्या. ज्या चाकाला सोताच्या हातानं कुंकू लावलं, त्याला आता रखमाजी वाईट कोनत्या तोंडानं म्हणनार?

दुपारी तोच आमच्या दारात आला. मोहिनीची सायकल हातानं ढकलत आनलीवती.

"वयनी," खाली बघत म्हणाला, "साडी आडकू नये म्हणून ह्या चेनीवर कसलं झाकण बसवायचं?"

"मला काय इचारता भावजी? माझी सून ड्युटीवरनं आली की तिला इचारा."

आन् यात्रा कमिटीचा म्होरक्या माझ्या ओट्यावर गपचीप बसला, तिची वाट बघत.