पंचनामा होईपर्यंत

सरकारवर इतका भाबडा विश्वास ठेवणारा माणूस खुद्द सरकारातही सापडला नसता. आमच्या कुटुंबाचे, म्हणजे बायकोचे, हे मामा. सोलापूरच्या मामलेदार कचेरीत उभी हयात कारकुनी करून ते पेन्शनीत निघाले आणि आमच्या समोरच्या घरात राहायला आले. पण ते कचेरीतून निघाले तरी कचेरी काही त्यांच्यातून निघाली नाही. मांजराने दूध सांडले, तर मामा आधी मामींचा जबाब घेत, मग शेजारणीचा, आणि तोवर त्या दुधाला फडके लावायची कुणाची छाती नसे. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलबी वाढायला विसरला, तर तोंडाने मागणे त्यांना कमीपणाचे वाटे. घरी येऊन ते यजमानांना रीतसर अर्ज लिहीत आणि त्याची नक्कल स्वतःपाशी ठेवत. एकदा मामी तापाने फणफणल्या होत्या. मी डॉक्टरांना आणायला निघालो, तर मला उंबऱ्यातच अडवून म्हणाले, "आधी ताप किती वाजता चढला ते लिहून घेऊ. पुढे वाद नको." त्यावर पांघरुणातून मामींचा आवाज आला, "मी गेले तर तेही लिहा, पण आधी त्याला जाऊ द्या."

अशा माणसाच्या शेजाराने एरवी करमणूकच होते. पण एका वैशाखात वादळ आले. भर दुपारी आभाळ तांबडे झाले आणि घटकाभरात निम्म्या शहराचे पत्रे उडाले. भिंती कोसळल्या, माणसे गाडली गेली, रस्त्यावरचे कडुलिंब मुळासकट आडवे झाले. मामांच्या घराला लागून लक्ष्मव्वा राहत असे. तेलुगू विणकरीण, नवरा गेलेला, म्हातारी सासू पदरात. दोघींचे पोट एका हातमागावर. तिचे सगळे छप्पर उडाले, पण नशीब असे की मागावर चढवलेला उभ्या सुतांचा नवा ताणा जवळजवळ शाबूत राहिला. तो काढून आमच्या ओसरीवर आणावा म्हणून मी आणि आळीतले दोघे पुढे झालो, तोच मामा हात वर करून आडवे आले.

"कशालाही हात लावू नका. पंचनामा व्हायचा आहे. वस्तू जागची हलली की नुकसान झालेच नाही असे धरतात."

कचेरीत जन्म काढलेला माणूस बोलतो म्हटल्यावर आळीने ते ब्रह्मवाक्य मानले. ज्याचा वासा जिथे पडला तिथेच राहिला आणि माणसे त्याच्या बाजूला उघड्यावर बसली. लक्ष्मव्वाने तेवढे विचारले, "मामा, पाऊस आला तर वो?"

"त्याच्या आत सरकार येईल," मामा म्हणाले.

सरकार आले, नाही असे नाही. दुसऱ्या दिवशी गोऱ्या कलेक्टरसाहेबांची मोटार आळीच्या तोंडाशी थांबली. वाटेत लिंब पडलेला. साहेबांनी मोटारीतूनच लिंबाची पाहणी केली, नाकाला रुमाल लावला आणि ते चहाला गेले. संध्याकाळी शहरातल्या बड्या मंडळींनी मदत कमिटी काढली. तिचा पहिला ठराव साहेबांचे आभार मानण्याचा, दुसरा मडमेचे आभार मानण्याचा, आणि तिसऱ्याच्या आत फराळ आल्यामुळे सभा संपली. वर्तमानपत्रांनी तर कमाल केली. इथल्या साप्ताहिकाने पहिले पान साहेबांच्या बंगल्यातल्या पडलेल्या गुलमोहराला वाहिले आणि तळाला 'काही गरिबांच्या घरांचीही मोडतोड झाल्याचे समजते' अशी ओळ टाकली. संपादकांचे घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, तरी त्यांना ते समजावे लागले. पुण्याच्या पत्राने छापले की शहर पूर्ववत झाले असून गिरण्यांचे भोंगे वेळेवर होत आहेत. भोंगे होत होते हे खरेच. भोंग्याला छप्पर लागत नाही. साप्ताहिकात लोकांच्या 'अनुकरणीय शांतते'ची तारीफ होती. मामांनी तो मजकूर पडक्या भिंतींवर बसलेल्या आळीला मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाले, "बघा, आपली नोंद झाली." मला त्या वेळी त्यांचा इतका राग आला की मी तिथून उठून गेलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस कोसळला. लक्ष्मव्वाने सासूचे घोंगडे ओढून मागावर धरले, वरून स्वतः आडवी झाली, पण पाण्यापुढे काय चालणार. ताण्याची खळ धुऊन गेली, रंग एकमेकांत उतरले, सुते चिकटून बसली.

चौथ्या दिवशी पंचनाम्याला कारकून आला. मामांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने आधी मामांना वाकून नमस्कार केला, मग छपराची नोंद घेतली आणि मागापाशी येऊन दौत बंद केली.

"हे लिहिता येणार नाही. वादळात माग भिजला नाही, कालच्या पावसात भिजला. वेळेत हलवला नाही, ही हयगय. मामा, हा नियम तुम्हीच शिकवलात की मला."

"हलवू नको असे तिला मीच सांगितले होते," मामा म्हणाले.

"तसे लेखी काही आहे का?" कारकुनाने विचारले.

ज्यांनी सांडलेल्या दुधाचेही कागद केले, त्यांच्यापाशी एवढ्या एकाच गोष्टीचा कागद नव्हता. लक्ष्मव्वाच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मामा. तुमी काय पाऊस पाडला न्हाय."

तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. आता ते कलेक्टरपासून लाटसाहेबापर्यंत अर्ज ठोकणार अशी माझी खात्री होती. पण सकाळी पाहतो तो मामा लक्ष्मव्वाच्या बिनछपराच्या घरात मांडी घालून बसलेले, पगडी बाजूला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि चिकटलेली सुते एकेक करून सोडवताहेत.

"तुमच्यानं न्हाय व्हायचं ह्ये," लक्ष्मव्वा म्हणत होती. "लई नाजूक काम हाय."

"शिकव," मामा म्हणाले.

आठवडाभर ते रोज जात. तुटलेल्या सुताला सूत जोडताना दर चार गाठींमागे त्यांची एक लक्ष्मव्वाला पुन्हा मारावी लागे. अर्धाअधिक ताणा हाती लागला. त्याच सुमारास साप्ताहिकाने मदतकार्य यशस्वीपणे पार पडल्याचे जाहीर केले. मामांनी तो अंक आयुष्यात पहिल्यांदाच न वाचता परत केला.

पुढे दर वैशाखात आभाळ जरा काळवंडले की मामा अनवाणी लक्ष्मव्वाच्या दारात जात. "माग झाकलास का?" ती आतून म्हणे, "व्हय मामा, झाकला." मग कुठे ते घरी येऊन टेकत.

मामा गेले त्यानंतरच्या वैशाखात एका दुपारी असेच भरून आले. मामी ओसरीवर एकट्याच बसल्या होत्या. लक्ष्मव्वा घरातून निघून पायरीशी येऊन उभी राहिली. तिला कुणी काही विचारले नव्हते.

"मामी, झाकलाय," ती म्हणाली.

मामींनी मान हलवली आणि तिला बसायला जागा करून दिली.