एक विहीर, तीन सातबारे

देवमनभाऊ चांदूर बाजारचे. घरी वांगी, मेथी, थोडी संत्री. आणि हा माणूस मात्र नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात सर्व्हर सांभाळतो. सोळा वर्षांत त्यांचा चढा आवाज कुणी ऐकला नाही. माझा मात्र सहा महिन्यांत साऱ्या ऑफिसला पाठ झाला होता.

मी तिथे कंत्राटावर होते. मागांवरच्या उत्पादनाची नोंद ठेवणारा प्रोग्राम मी लिहिलेला. कुणाच्या प्रोग्रामनं सर्व्हरची किती मेमरी वापरली याचा रिपोर्ट दर सोमवारी मॅनेजर किशोर सरांकडे जाई. एका सोमवारी माझ्या नावापुढे लाल अक्षरांत आलं, वीस जीबी. सर म्हणाले, प्रोग्राम शनिवारी बंद आणि कंत्राटही संपलं. माझं डोकंच सटकलं. मेमरी मोजणारं दुसरं टूल जेमतेम सव्वाचार जीबी दाखवत होतं, पण ते बघतो कोण?

देवमनभाऊंनी बघितलं. चहा पार निवून गेला तरी ते दोन्ही आकडे न्याहाळत होते. मग त्यांनी मला घरची गोष्ट सांगितली. तिघा भावांत शेत वाटलं गेलं, विहीर सामाईक राहिली. तिची नोंद तिघांच्याही सातबाऱ्यावर. विहिरी मोजायला आलेला माणूस कागद बघून तीन विहिरी लिहून गेला.

माझ्या प्रोग्रामच्या दहा प्रती एकाच वेळी चालत. प्रत्येकीच्या नावावर दोन जीबी, पण त्यातले पावणेदोन दहाही जणींत सामाईक. रिपोर्टनं ते दहादा मोजले होते. सर्व्हरमध्ये मुळात होतेच सोळा जीबी, हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

पण तो रिपोर्ट भाऊंनीच तयार केलेला. टूलमध्ये गडबड आहे एवढं बोलून त्यांना मोकळं होता आलं असतं. ते उठले आणि सरांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं.

"सर, पोरीचा प्रोग्राम बरोबर हाय. मोजणी चुकली, अन् ते मोजणी म्या लिहिली. दोन वर्सापासून तुमाले चुकीचा आकडा देऊन राहिलो."

सर त्यांना वाट्टेल तसं बोलले, सगळ्यांदेखत. भाऊ ऐकून घेऊन परत आले आणि रिपोर्ट दुरुस्त करायला बसले. माझ्यापायी तुमचं नाव खराब झालं, असं मी कसंबसं म्हणाले.

"चूक माही व्हती," ते म्हणाले, "मंग तुही नोकरी कावून जाईन?"

इतकी तोंडाळ मी, पण त्या दिवशी मला साधे आभारही मानता आले नाहीत. मी नुसती रडत बसले.