शटर वाजवाल का, भावोजी?

“मी काही विसरायला बसले नाही,” असं गादीवाली उठता-बसता म्हणायची. गेल्या पुरात तिच्या दुकानातला सगळा कापूस भिजून कुजला. शेजारीच तिच्या दिराचं सिमेंटचं दुकान. धरणावरच्या ओळखीच्या माणसानं त्याला आधीच फोन केला होता. त्यानं आपली पोती गुपचूप माळ्यावर चढवली, पण हिचं शटर काही वाजवलं नाही. वर चारचौघांत म्हणाला, “मला तरी कुठे ठाऊक होतं, वहिनी?”

यंदा फोनवर पुराच्या सूचना मिळाव्यात म्हणून चौकात नावनोंदणी सुरू झाली. गादीवालीनं आपला नंबर दिला आणि लगेच दिराचाही. सगळी गल्ली टेबलाभोवती उभी होती. दिराच्या खिशातला फोन वाजला.

“ओटीपी सांगा, भावोजी.”

“माझी कशाला एवढी काळजी, वहिनी?”

“काळजी कोण करतंय?”

लोक हसले. त्यानं घसा खाकरत आकडे वाचले.

“आता ठाऊक नव्हतं म्हणायची सोय राहिली नाही,” ती म्हणाली. “मेसेज मलाही येईल. कापूस मी वर चढवीन. मग शटर ओढून आत बसेन आणि बघेन, तुम्ही वाजवता की नाही. नाही वाजवलंत, तर याच चौकात सांगेन.”

“आणि वाजवलं तर?”

“तर उघडणार नाही.”

ती सावकाश दुकानाकडे चालू लागली. हातातला फोन तसाच धरून दीर तिच्या पाठीकडे बघत राहिला.