कामठ्याहून फुलचूरला, हेतरामचे पाय दाखवायला

ज्यांच्या घरात कोणाचे पाय ताठून राहिले असतील त्यांनी ही वाट नीट समजून घ्या, म्हणजे आमच्यासारखी एक रात्र फुकट जाणार नाही. मी दुसरी शिकले आहे. तेवढ्यात लिहिता येतं तेवढं लिहिते.

हेतराम माझा एकुलता मुलगा. वय तीस, घरात बायको, पदरात एक पोरगी. दिवाळीपासून त्याच्या पोटऱ्या ताठल्या, टाचा भुईला टेकेनात. चवड्यांवर चालायचा, गुडघ्याला गुडघा घासायचा. कोणी म्हणालं वात आहे, कोणी म्हणालं धानाच्या बांधीत थंड पाण्यात उभं राहून झालं. मोहाच्या बियांचं तेल चोळून चोळून सूनबाईच्या हाताला घट्टे पडले. आमचा सालगडी फागू दोन वर्षांपासून तसाच चालतो, काठी घेऊन. त्याचं कोणाला काही वाटलं नव्हतं. पण एका सकाळी हेतरामनं गोठ्यातली काठी उचलली. आमच्या गावात एक माणूस हातांवर सरपटत चालतो. तोही आधी काठीवरच होता.

कोतवालानं दवंडी दिली होती की फुलचूरला डॉक्टर उतरलेत, पाय ताठलेल्यांना तपासतात, पैसा घेत नाहीत. मी सुनेला म्हटलं, "शिदोरी बांध."

माघ सरत होता. उजाडायच्या आत निघा, कारण ऊन चढल्यावर बैल कुरकुर करतात आणि माणसंही. आम्ही रेंगी घेतली. ही हलकी बैलगाडी, पण हाडं मोजून देते, खाली तणस जास्त घाला. फागूला घेतलं ते गाडी हाकायला. त्याचे पाय दाखवावे हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. लिहायला बसले तर तेही लिहिते.

वाटेत दोन्ही बाजूंनी धान कापलेल्या बांध्या आणि त्यांत निळी फुललेली लाखोरी. धान उभं असतानाच ही डाळ शिंपडून द्यायची, मग तिला नांगर नको, पाणी नको. देखणं दिसतं. डोळे भरून पाहिलं, खोटं कायले बोलू?

बिरसीजवळ लढाईसाठी विमानाची पट्टी करून राहिले आहेत. बायामाणसं मुरूम वाहतात, रूळ फिरतो. चौकीदारानं आडवा हात केला.

"इधर से नहीं, माताजी. घूम के जाओ."

"काऊन? विमान येऊन राहिलं का?"

"अभी नहीं. पर मना है."

"मंग येईल तवा अडव ना बाप्पा!"

ऐकला नाही. तेव्हा तुम्ही आधीच डावीकडची तळ्याची वाट धरा, तासभर वाचेल. तळ्यावर बैलांना पाणीही भेटतं. विमान पाहायला थांबू नका, धुळीशिवाय काही दिसत नाही.

गोंदियात शिरताना धानाच्या गिरण्यांचा कोंड्याचा वास आधी येतो, गाव मागून. रेल्वेच्या फाटकापाशी मालगाडीनं अर्धा तास खाल्ला. तिथं गरम भजे भेटतात, दोन पैशांत पानभर, पण तेल जुनं असतं. फाटक ओलांडलं की फुलचूर जवळच.

शाळेच्या आवारात दोन तंबू आणि एक मांडव. मांडवात दोन बाकं. डॉक्टर नागपूरकडचे, चष्मेवाले, माझ्या हेतरामपेक्षा लहान. एका मोठ्या वहीत लिहीत होते. फागू गाडीवरून उतरला, चार पावलं टाकली, आणि डॉक्टरनं आम्हाला सोडून त्यालाच आधी बोलावलं.

"पाय कधीपासून असे?"

"दोन सालं झाले, साहेब."

"डाळ कोणती खाता?"

"लाखोरी. भाकर बी तिचीच."

"रोज?"

"सालभराचा मजुरा लाखोरीतच भेटते. मंग रोज नाही त का सणाला खाऊ?"

मांडव हसला. डॉक्टरनं विचारलं, "कोणाकडे असता?" फागूनं हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. पन्नास डोळे माझ्यावर. डॉक्टरनं त्याला उजव्या बाकावर, लाखोरी खाणाऱ्यांत बसवलं आणि हेतरामला पुढे घेतलं.

"डाळ कोणती?"

हेतरामनं तोंड उघडलं, पण मी आधी बोलले. "तूर."

"रोज तूर?"

"आमी पटेल आहोत, साहेब. वाडवडील माळव्यातून आलेले. आमच्या घरी लाखोरी गडी अन् बैल खातेत."

हेतरामनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. फागू आपल्या पायाच्या बोटांकडे पाहत बसला. त्याला ठाऊक होतं. लढाईनं भाव चढले तशी आमची तूर बाजारात गेली, धान गिरणीत गेलं, आणि ती पोती त्यानंच गाडीत चढवली होती. मागच्या दोन दिवाळ्यांपासून आमच्या हंडीत लाखोरीच होती. मला दात नाहीत, मी कण्यांची पेज पिते. हेतराम भाकर खायचा, डाळ खायचा, सांजेला वडे खायचा. पण हे चारचौघांत सांगायचं? मला वाटलं, गरिबाला औषध फुकट द्यायचं म्हणून ते विचारून राहिले.

डॉक्टरनं रबराच्या हातोडीनं गुडघ्यावर टिचकी मारली तर पाय उडालाच. तळव्याला टाचणी टोचली, पाठीचा एकेक मणका दाबला. तोंड लांब झालं त्यांचं.

"लाखोरी नसेल तर मणका पाहावा लागेल, आजी. मणक्याचा क्षय असू शकतो. उद्या दुपारच्या गाडीनं नागपूरला पाठवतो. पाठीत सुई घालून पाणी काढतील. क्षय निघाला तर सहा महिने प्लास्टरमध्ये पडून राहावं लागेल."

हेतरामला डाव्या बाकावर बसवलं. मी तिथंच भुईवर बसले.

मुक्कामाला गोंदियात स्टेशनजवळची धर्मशाळा आहे. आपली चटई न्या, तिथली घेऊ नका. सांजेला हेतराम म्हणाला, "माय, चहा पी, बरं वाटेल." शेजारच्या टपरीत मी पदर ओढून मागच्या बाकड्यावर बसले. तेवढ्यात डॉक्टरचा कंपाउंडर आला. त्यानं आम्हाला पाहिलं नाही.

"क्या बताऊँ," तो चहावाल्याला म्हणाला, "आज एक पटेलीन आई. लड़के की वही चाल, वही घुटना, और माताजी बोलती हैं हम तूर खाते हैं! डॉक्टर साहब सिर पकड़ के बैठे हैं."

"उसमें क्या हुआ?"

"अरे, गाँव-गाँव घूम के लिख रहे हैं कि यह बीमारी लाखोरी खानेवाले को होती है. तूरवाले को भी हो गई, तो या तो हमारी सारी लिखाई गलत, या लड़के की रीढ़ सड़ रही है."

चहावाला हसला. "और माताजी झूठ बोली हो तो?"

"तो लड़का बच गया समझो. लाखोरी छोड़े, बीमारी वहीं रुक जाएगी."

मी चहा बाकड्यावर ठेवला. खोटं बोलले होते हे आठवून इतकं हलकं वाटेल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

"हेतराम, तुले काही समजलं का?"

"समजलं."

"तवा काऊन नाही बोलला बावा?"

"तू बोलली होती ना, माय."

असा मुलगा पदरात असला म्हणजे आईनं तोंड सांभाळलं पाहिजे. मी नाही सांभाळलं.

सकाळी मांडव कालच्यापेक्षा जास्त भरला होता. मनात होतं की डॉक्टरला बाजूला घेऊन हळूच सांगावं. पण ते वहीत डोकं घालून बसलेले, आणि समोर वीस माणसांची रांग. रांगेत उभी राहते तर दुपारची गाडी येते. मग ओरडले तिथूनच.

"साहेब, ते तूर खोडा. आमी लाखोरी खातो."

सगळे वळले. डॉक्टरनं चष्मा काढला. "काय म्हणालात?"

"लाखोरी. भाकर, डाळ, वडे. दोन दिवाळ्या झाल्या. तूर इकली आमी."

"आजी, तुमच्या अब्रूपायी हा मुलगा प्लास्टरमध्ये गेला असता, कळतंय का? आणि माझी वही खोटी झाली असती."

"कळलं म्हणूनच ओरडून राहिली ना! खोडा आता. शाई महाग झाली का?"

कंपाउंडर खोकला. डॉक्टरनं मात्र खोडलं. मग हेतरामला आणि फागूला शेजारी शेजारी चालवलं, दोघांचे गुडघे ठोकले, मणका पुन्हा एकदा दाबून पाहिला. शिदोरीतला वडा मोडून हुंगला आणि एक तुकडा पुडीत बांधला. दोघांना लघवीसाठी बाटल्याही दिल्या. त्याची लाज धरू नका, पण बाटली लहान असते, सांभाळून.

शेवटी म्हणाले, "मणका ठीक आहे. नागपूर नको. लाखोरी आजपासून बंद. भात, तूर, पालेभाजी, दूध. हे यापुढे वाढणार नाही, थोडं सैलही पडेल."

"अन् हा?" मी फागूकडे बोट केलं. ते विचारायला मला एक रात्र लागली.

"याचे पाय आहेत तसेच राहतील. पण लाखोरी सोडली तर सरपटायची वेळ येणार नाही."

मी विचारलं, त्या डाळीत असं असतं तरी काय? ते म्हणाले, "ते आम्हालाही अजून कळलेलं नाही, आजी. म्हणून तर गावोगाव फिरतो." मला हे आवडलं. आमचा वैद्य कधी 'माहीत नाही' म्हणत नाही.

हेतराम उजव्या बाकावर गेला. फागूनं सरकून जागा केली. "या मालक, बसा. इथं सगळे आपलेच आहेत." मांडव पुन्हा हसला, आणि यावेळी हेतरामही.

परतीची वाट कशी सरली ते समजलं नाही. शिदोरीतले उरलेले वडे मी तळ्यात टाकले आणि गोंदियातून घेतलेले फुटाणे तिघांनी खाल्ले, मी दगडावर कुटून.

आता पाऊस लागून धानाची रोपं लावायचा रोवणा संपला. हेतराम चिखलात उभा राहिला, हळू, पण उभा राहिला. टाचा अजून पुरत्या टेकत नाहीत. पोटऱ्या जरा सैल पडल्यात, पोरीला खांद्यावर घेऊन अंगणात फिरतो. सून पुन्हा गाणं म्हणत दळायला लागली आहे, आवाज बरा नाही, तरी मी काही बोलत नाही. घरात तूर शिजते, आणि गड्यांचा मजुरा मी धानात द्यायला लागले. शेजारचे पटेल म्हणाले, "भाव बिघडवून राहिली तू वहिनी." म्हटलं, बिघडू द्या.

मजुऱ्याच्या धानाच्या पहिल्या मापाला फागूची बायको आली. टोपलीत हात घालून तिनं दाणे पाहिले, दोनदा पाहिले.

"दोन सालं उशीर झाला, बाई," ती म्हणाली.

"झाला," मी म्हटलं. "टोपली नीट धर, सांडून राहिलं."