मामा, मामी आणि एक इअरफोन

आवाज कधीही मोकळा सोडू नये, त्याला आधी नीट वळण लावावं आणि मगच कानात शिरू द्यावं, अशी ठाम श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच आहे आणि तो नेमका माझा मामेसासरा आहे. पोफळीच्या पॉवरहाऊसमध्ये मामांनी जन्मभर पाणी सोडलं आणि अडवलं. निवृत्तीनंतर अडवायला पाणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरवर लिनक्स, म्हणजे सगळं आपल्या हातानं जुळवावं लागणारी प्रणाली, घातली आणि आवाज हाती घेतला. त्यांच्या काळ्या पडद्यावर रंगीत पट्ट्या उभ्या असतात. एक मुख्य आवाजाची, एक स्पीकरची, एक इअरफोनची, एक माइकची, आणि दोन कशाच्या ते अजून मामांनाही कळलेलं नाही. तरी सकाळी चहाच्या आधी त्याही तपासल्या जातात.

त्यांना सोपा मार्ग सुचवायची सोय नाही. मी एकदा ब्लूटूथचा स्पीकर नेऊन दिला, तर म्हणाले, "जावईबापू, ह्यात आवाज कुठून येतो नि कुठे जातो ते दिसतं का? नाही ना? मग तुमच्याकडेच ठेवा." गणपतीत आरतीला पेटी-तबल्याची साथ कॉम्प्युटरवरून द्यायचं त्यांनी ठरवलं. सगळी आळी झांजा घेऊन उभी, आणि कॉम्प्युटर गप्प. मामा पाऊण तास पट्ट्या वरखाली करत होते. शेवटी लोकांनी नुसत्या टाळ्यांवर आरती उरकली, खिरापत खाल्ली, आणि मंडळी अंगणाचं बेडं उघडून बाहेर पडायला लागली तेव्हा मागून मामांची हाक आली, "आवाज होता हो! म्यूट होता, एवढंच!"

मामी आळीतल्या मुलींना गाणं शिकवतात. दुपारी जेवणं झाली की दोघं एकाच इअरफोनवर जुनी गाणी ऐकतात, डावं टोक मामींच्या कानात, उजवं मामांच्या. जुन्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत गळा एका बाजूला आणि साज दुसऱ्या बाजूला असतो, त्यामुळे पहिले काही दिवस मामींना नुसता गवई आणि मामांना नुसता तबला मिळत होता. "काय गायलाय!" असं मामी म्हणाल्या की मामा विचारत, "गायला कोण?" दोन्ही बाजू एकत्र कालवायला मामांना आठवडा लागला. त्या आठवड्यात त्यांनी दाढीसुद्धा केली नाही.

मध्यंतरी गेलो तेव्हा पडद्यावर इअरफोनची डावी पट्टी नव्वदला आणि उजवी चाळीसला. मी विचारलं. मामी मागच्या दारी कोकमं वाळत घालत होत्या, तरी मामांनी स्वतःचा आवाज खाली आणला. "तिला कमी ऐकू येतंय. मी आपला थोडी थोडी वाढवत आलोय. तिला म्हटलं, कॉम्प्युटरमधला आवाजाचा ड्रायव्हर बिघडलाय, म्हणून बारीक येतं."

"मामा, डॉक्टरांना दाखवायला हवं."

"हवं तर खरंच. पण कळलं की उद्यापासून मुलींना येऊ नका म्हणेल. चुकलेला सूर मलाच कळत नसेल तर शिकवू कशाला, म्हणेल. ओळखतो मी तिला. मग दिवसभर करेल काय ती?"

गेल्या आठवड्यात डावी पट्टी शंभराला टेकली. त्याच्या वर जागाच नाही. मी समोरच बसलो होतो. गाणं सुरू झालं आणि मामी म्हणाल्या, "आज फारच बारीक येतोय हो. तुम्हाला येतोय का नीट?"

मामांनी आपल्या कानाची उजवी पट्टी चाळीसवरून थेट पाचवर ओढली, कान देऊन क्षणभर ऐकलं आणि म्हणाले, "नाही गो, मलाही बारीकच येतोय." मग माझ्याकडे वळून हळूच पुटपुटले, "खोटं नाही हं बोललो."

आणि तसेच बसले दोघं, डोक्याला डोकं लावून, जेमतेम पोचणारं गाणं ऐकत. इतकी वर्षं मी ह्या माणसाला हसत आलो, तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. रोज त्यांचा फोन येतो, "जावईबापू, तिला तुम्हीच सांगा." मी हो म्हणतो. अजून सांगितलेलं नाही.