हात धुवा आणि आत जा

पाळकीणबाई, म्हणजे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, भेटल्या की आधी दोन्ही हात धरायच्या आणि बोलणं संपेपर्यंत सोडायच्या नाहीत. समोरचा घामाघूम असो की तापाने फणफणलेला, बाईंना फरक पडत नसे. मी आपला चुळबुळत उभा. कळव्याच्या आमच्या छोट्याशा मंडळीत या हातांतून कुणी सुटलं नव्हतं.

आजाऱ्याकडे त्या स्वतः जायच्या, मग तो मानपाड्याला असो की शीळफाट्याच्या पलीकडे. "अहो, फोनवर प्रार्थना करा की," मी एकदा म्हणालो, "गुडघे बघा तुमचे." तर म्हणाल्या, "देवाला वरूनच निरोप धाडता आला असता. नाही धाडला. हाडामांसाचा झाला, भुकेला झाला, दमला. आणि मी रिक्षात बसायला कुरकुर करू?" कपाळ! मीच रिक्षा थांबवून दिली.

दर बुधवारी त्यांच्या घरी प्रार्थनेची संगती भरे. खुर्ची कुणालाच नाही. सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, गाणी म्हणायची आणि मग एकाच परातीतली भेळ खायची. माझं लक्ष भेळेत कुठलं? गॅस बंद केला ना, दारातल्या चपला कुणी नेल्या नाहीत ना, कोपऱ्यातले आजोबा खोकताहेत ते कशाने? "आले आमचे काळजीमंत्री!" असं त्या सगळ्यांदेखत म्हणायच्या. "खा मुकाट्यानं. एकट्यानं खाल्लेला आनंद पचत नाही."

मग सुनीताला, माझ्या बायकोला, सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. ठाण्याच्या हॉस्पिटलात मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकात नळी, पायाला वायर. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येत नाही. नर्स रोज म्हणायची, "बाबा, हात धुऊन आत घाला, तिला बरं वाटतं." मी दारातूनच बघायचो. नाव सुनीताने कधीच ठरवलं होतं, हर्षा. पण ते माझ्या तोंडून निघेना. हाक मारली की जीव अडकणार, आणि मग ती गेली तर मी काय करू?

पाळकीणबाई आल्या. त्यांना आत सोडणार नव्हतेच. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या.

"नाव काय ठेवलंत?"

"घरी आली की ठेवू."

बाई माझ्यावर कधी चिडल्या नव्हत्या, त्या दिवशी चिडल्या. "गोठ्यातलं बाळ जगेल अशी खात्री कुणी लिहून दिली होती का मरियेला? तरी तिनं कुशीत घेतलंच ना? मरणार हे ठाऊक असूनही देव माणूस झाला. आणि तुम्ही, बाप असून, दारात उभे! हात धुवा आणि आत जा."

गेलो. हात धुतले आणि पेटीत घातले. "हर्षा," म्हणालो. तिने माझं बोट धरलं. अहो, काय सांगू! भीती होतीच, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मला तिथे, सगळ्या नर्सांसमोर, हसू आणि रडू एकदम फुटलं. पुढे रोज जात राहिलो.

हर्षा राहिली नाही. गेली तेव्हा सुनीताचा हात तिच्या पाठीवर होता आणि मी तिला नावाने हाक मारत होतो. दफनाला सगळी मंडळी आली. पाळकीणबाईंनी एका शब्दाने आमची समजूत घातली नाही. नुसत्या आमच्याबरोबर रडल्या.

मागच्या वर्षी पाळकसाहेबांची बदली झाली आणि बाईही गेल्या. आता सुनीताला पुन्हा दिवस गेलेत. माझी झोप उडाली आहे. जरा काही दुखलं की मी डॉक्टरांना फोन लावतो. परवा सुनीताच्या पोटावर हात ठेवून मी "अनुग्रह" अशी हाक मारली.

"मुलगी असली तर?" ती म्हणाली.

"तर दुसरं नाव ठेवू. पण हाक आत्तापासून मारायची."