चहाच्या पाण्यानं म्हातारा केलेला चौरंग

दोन देवघरं, एक झोपाळा, घरातली सगळी स्टुलं आणि सतरा चौरंग. हे सगळं मी कुणाकडे न शिकता स्वतःच्या हातानं केलंय. माझ्या चौरंगाला एकही खिळा नसतो. प्रत्येक पायाला बांबूच्या दोन खुंट्या असतात, त्याही जराशा तिरक्या.

आज शेवगावात जुन्या सामानाच्या दुकानात गेलो होतो. पूर्वी तिथं नड असलेली माणसं यायची आणि दोन-तीनशेत वस्तू घेऊन जायची. आता जुनं वापरायची फॅशन आलीय, त्यामुळे बाहेर पुण्याच्या गाड्या उभ्या असतात.

एक बाई लेकीच्या नव्या घरातल्या सत्यनारायणासाठी चौरंग बघत होती.

"साडेचार हजार, मावशी. साठ वर्सांपूर्वीचा माल हाय," दुकानदार म्हणाला.

"आरं, एवढ्यात दोन नवे येत्यात की," म्हणत तिनं तो खाली ठेवला आणि रिकाम्या हातानं गेली.

मी चौरंग उलटा केला. प्रत्येक पायाला बांबूच्या दोन तिरक्या खुंट्या. चार वर्षांपूर्वी मीच करून दिलेला हा चौरंग कुणीतरी इथं विकला असणार, आणि दुकानदारानं चहाच्या पाण्याचे हात मारून तो काळा केला होता. मला किळस आली.

"हा मी केलाय," मी म्हणालो.

तो जराही ओशाळला नाही. "मग तर लई बरं झालं, मामा. नवा म्हनून तुमाला कोन इचारतंय?"

मित्रहो, जुनं म्हणून उचललेली वस्तू तुम्ही कधी उलटी करून बघता का?

त्यानं माझ्याकडे असेच दर महिन्याला दहा चौरंग मागितले, नगाला दोन हजार रोख. मी नाही म्हणालो.